जेम्स वेबच्या मूळ फाइलींमधून स्वतः रंगीत चित्र कसं घडवायचं

जेम्स वेब दुर्बिणीची मूळ फाइल पहिल्यांदा उघडाल तेव्हा पडद्यावर जवळजवळ काळोख दिसेल, आणि त्यात विखुरलेले थोडे पांढरे ठिपके. बरेच जण इथेच थांबतात. फाइल अर्धवट उतरली असावी, असं त्यांना वाटतं. फाइल मात्र धडधाकट असते. धुळीचे खांब, त्यांच्या टोकांवर चमकणारा वायू, आत जन्म घेत असलेले तारे असं सगळं त्या काळोखात आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं. ते बाहेर कसं काढायचं, हेच या लेखात सांगणार आहे.

वेबचं नवं चित्र आलं की एक प्रश्न हमखास विचारला जातो: हे रंग खरे आहेत का? वर्षानुवर्षं मी त्याचं उत्तर बोलून देत आलो. आता मात्र विचारणाऱ्याला सांगतो की एक चित्र स्वतः करून बघा. फिल्टर, उजळपणा, रंग असा एकेक निर्णय स्वतः घेतला की चित्रात दुर्बिणीने मोजलेलं काय आणि माणसाने ठरवलेलं काय, हे आपोआप उमगतं. त्यासाठी खगोलशास्त्राची पदवी लागत नाही. साधारण १६ जीबी मेमरीचा संगणक, मोफत मिळणाऱ्या दोन-तीन आज्ञावली आणि एक मोकळी दुपार एवढं पुरतं.

आधी दुर्बिणीबद्दल थोडं

वेब २५ डिसेंबर २०२१ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून आरियान-५ रॉकेटवर निघाली. आता ती पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्य-पृथ्वीच्या एल-२ बिंदूभोवती, म्हणजे दोघांच्या ओढीचा मेळ बसतो अशा एका जागेभोवती, फिरते आहे. तिचा मुख्य आरसा ६.५ मीटर रुंद आहे. तो बेरिलियमच्या १८ षटकोनी तुकड्यांचा असून त्यावर सोन्याचा मुलामा आहे, कारण सोनं अवरक्त प्रकाश फार छान परावर्तित करतं. ही दुर्बीण पाहते तो बहुतेक सगळा प्रकाश अवरक्तच असतो. आपण दोन उपकरणांशी ओळख करून घेऊ. निरकॅम ०.६ ते ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचा प्रकाश टिपतो आणि मिरी त्यापुढे सुमारे २८ मायक्रॉनपर्यंत जातो. आपले डोळे ०.७ मायक्रॉनच्या आसपासच थकतात. म्हणजे निरकॅमचा अगदी सुरुवातीचा काठ सोडला, तर वेबला जे दिसतं ते माणसाला कधीच दिसलेलं नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की निरकॅमचे डिटेक्टर रंग ओळखत नाहीत. प्रकाश किती आला एवढंच ते मोजतात. म्हणून एका वेळी एक फिल्टर लावून त्या पट्ट्यातल्या प्रकाशाचं मोजमाप घेतलं जातं. तुम्ही उतरवून घेणार ती प्रत्येक फाइल एकाच फिल्टरची, करड्या छटांतली असते.

पहिली पायरी: लक्ष्य निवडा आणि फाइली उतरवा

सुरुवातीला 'पिलर्स ऑफ क्रिएशन' घ्या. मेसिए १६ या तेजोमेघातले, सुमारे ६,५०० प्रकाशवर्षं दूर असलेले हे धुळीचे खांब. हबलने १९९५ मध्ये ते प्रसिद्ध केले आणि वेबचं निरकॅम चित्र ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं. हे लक्ष्य निवडण्यामागे दोन कारणं आहेत. आकार ओळखीचा असल्याने आपलं काही चुकलं तर लगेच ध्यानात येतं. शिवाय अधिकृत चित्रात कोणत्या फिल्टरला कोणता रंग दिला हे जाहीर केलेलं आहे, त्यामुळे ताडून बघता येतं.

वेबची सगळी निरीक्षणं 'मास्ट' नावाच्या संग्रहात जमा होतात. बाल्टिमोरची स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूट तो सांभाळते. तिथल्या शोधपानावर वेब निवडा, प्रोग्रॅम क्रमांकाच्या चौकटीत २७३९ टाका आणि उपकरण म्हणून निरकॅम निवडा. जाहीर झालेला विदा (डेटा) उतरवायला खातं उघडावं लागत नाही. काही निरीक्षणांना कुलूप दिसेल. ज्या शास्त्रज्ञांनी ती मागितली त्यांना अभ्यासासाठी बहुधा एक वर्षापर्यंत राखीव काळ मिळतो, तो संपला की तीही सर्वांसाठी खुली होतात.

यादी समोर आली की गोंधळून जाऊ नका. एकाच निरीक्षणाच्या ढीगभर फाइली असतात. डिटेक्टरचं अगदी कच्चं वाचन, मग प्रकाश साठण्याचा वेग काढलेली, मग प्रमाणित केलेली, अशा त्या पायऱ्या असतात. आपल्याला हवी ती शेवटची, सगळ्या तुकड्यांची जोडणी करून तयार झालेली तिसऱ्या स्तराची फाइल. तिच्या नावाच्या शेवटी रोमन लिपीत 'आय-२-डी' असं असतं. नावातच प्रोग्रॅम क्रमांक, उपकरण आणि फिल्टरही लिहिलेले असतात, म्हणून फाइलचं नाव बदलू नका. पुढे सहा फाइली एकत्र उघडल्यावर तेच नाव कामाला येतं. फाइली जड असतात, एखादी काही जीबीचीही निघते, तेव्हा डिस्कवर जागा ठेवा.

पहिल्या प्रयत्नात तीनच फिल्टर घ्या: एफ०९०डब्ल्यू, एफ२००डब्ल्यू आणि एफ४४४डब्ल्यू. नाव वाचायची रीत सोपी आहे. आकड्याला शंभराने भागलं की मायक्रॉनमधली तरंगलांबी मिळते, म्हणजे ०.९, २ आणि ४.४४. शेवटचं अक्षर पट्टा किती रुंद आहे ते सांगतं. डब्ल्यू म्हणजे रुंद, एम म्हणजे मध्यम, एन म्हणजे अरुंद.

दुसरी पायरी: काळोख उघडणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. चित्र घडतं ते इथेच, रंग त्यानंतर येतात.

या फाइली 'फिट्स' स्वरूपात असतात. साधे फोटो पाहायच्या आज्ञावलीत त्या उघडत नाहीत. त्यासाठी 'फिट्स लिबरेटर' वापरा. फाइल उघडल्यावर तिच्यात अनेक थर दिसतील. प्रत्यक्ष चित्राच्या थराचं नाव 'साय' असतं. बाकीचे थर त्रुटी, वजन वगैरेंचे, त्यांना सध्या हात लावायचा नाही.

आता काळोखाचं कारण बघू. फाइलमधल्या प्रत्येक पिक्सेलला एक दशांश संख्या असते. आकाशाच्या त्या कणभर भागातून किती तेज आलं याचं ते मोजमाप. तेजोमेघाची फिकट धूळ आणि तिच्या शेजारचा ठळक तारा यांच्या आकड्यांत हजारो पटींचा फरक असू शकतो. पडदा मात्र काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत मोजक्याच पायऱ्या दाखवतो. सरळ प्रमाणात दाखवलं तर तारा सगळा पांढरा भाग खाऊन टाकतो आणि धूळ तळाशी काळ्यात गाडली जाते. म्हणून आकडे 'ताणावे' लागतात, म्हणजे खालच्या आकड्यांना जास्त जागा द्यायची आणि वरच्यांना दाटीवाटीने बसवायचं. आपल्या डोळ्यांचं कामही काहीसं असंच चालतं. उन्हातून अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर थोड्या वेळात कोपऱ्यातली वस्तू दिसू लागते, ती याच जुळवून घेण्याच्या क्षमतेमुळे.

ताणण्यासाठी यादीतून 'एसिन्ह' हे फलन निवडा. लॉगही चालतो, पण एसिन्ह फिकट भागात हळुवार वागतं. मग हिस्टोग्रॅमकडे, म्हणजे कोणत्या उजळपणाचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणाऱ्या आलेखाकडे, बघा. डाव्या बाजूला एक उंच उंचवटा दिसेल, तो पार्श्वभूमीचा. काळ्या बिंदूची खूण त्या उंचवट्याच्या पायथ्याशी, किंचित डावीकडे ठेवा. ती उंचवट्याच्या आत सरकवण्याचा मोह फार होतो, कारण आकाश छान मखमली काळं दिसतं. पण तसं केलं की पार्श्वभूमीबरोबर फिकट धूळही कापली जाते, आणि एकदा कापलेलं पुढे कोणत्याही करामतीने परत येत नाही. पांढऱ्या बिंदूची खूण इतकी उजवीकडे न्या की खांबांच्या उजळ कडांमधले बारकावे टिकतील, ताऱ्यांचे गाभे जळाले तरी चालतील.

मी अगदी सुरुवातीला जी चित्रं केली त्यात आकाश ठार काळं होतं. ती मला आवडायचीसुद्धा. एकदा त्यातली एक फाइल पुन्हा ताणून पाहिली, तेव्हा मधला जो भाग मी रिकामा समजत होतो तिथे धुळीचा एक तलम पडदा पसरलेला दिसला. दुर्बिणीने तो नीट मोजला होता, पुसला होता तो मी. तेव्हापासून आकाश थोडं करडंच ठेवतो.

निकाल १६ बिटच्या टिफ फाइलमध्ये जतन करा. ८ बिटमध्ये छटांच्या २५६ पायऱ्या असतात, १६ बिटमध्ये ६५,५३६. पुढे उजळपणा थोडा जरी हलवला तरी ८ बिटच्या चित्रात पट्टे उमटतात. तिन्ही फिल्टरांसाठी हेच करा. सगळ्यांना तेच आकडे लावू नका, प्रत्येक फाइलचा हिस्टोग्रॅम बघून ठरवा.

तिसरी पायरी: एकावर एक बसवणं

निरकॅममध्ये प्रकाश २.४ मायक्रॉनच्या आसपास दुभागला जातो. आखूड तरंगलांबीच्या बाजूला एक पिक्सेल आकाशाचे ०.०३१ कोनीय सेकंद (एक कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) व्यापतो, लांब बाजूला ०.०६३. त्यामुळे एफ४४४डब्ल्यूचं चित्र एफ०९०डब्ल्यूच्या जवळजवळ निम्म्या मापाचं निघेल. तुमची चूक झालेली नाही. 'जिंप' या मोफत चित्रसंपादन आज्ञावलीत ते साधारण दुप्पट मोठं करा, मग दोन्ही चित्रांत दिसणारे, एकमेकांपासून लांब असलेले चार-पाच तारे धरून थर सरकवत बसवा. वरच्या थराचा मोड 'डिफरन्स' केला की जुळलेले तारे विझतात आणि न जुळलेल्यांची जोडी दिसते, त्यामुळे काम सोपं होतं. पायथन येत असेल तर 'अ‍ॅस्ट्रोपाय' आणि 'रिप्रोजेक्ट' ही पॅकेजं फाइलमधल्या आकाशीय निर्देशांकांवरून हेच काम चोख करतात.

इथेच एक गोष्ट तपासून घ्या. फिट्स फाइल पिक्सेल खालच्या कोपऱ्यातून मोजते, बाकीच्या चित्रफाइली वरच्या. या अदलाबदलीत चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटं होऊ शकतं. ते अधिकृत चित्राशेजारी ठेवून फिरवून बघा. कितीही फिरवलं तरी जुळलं नाही, तर ते उलटं झालेलं आहे. चित्र कसंही फिरवावं, अवकाशात वर-खाली नाहीच. आरशातलं चित्र मात्र चुकीचं असतं, कारण तसा तेजोमेघ आकाशात कुठेच नाही.

चौथी पायरी: रंग

नियम एकच पाळा. सर्वांत लांब तरंगलांबीला लाल, सर्वांत आखूडला निळा, मधलीला हिरवा. गाणं वरच्या पट्टीतून खालच्या पट्टीत आणलं तरी चाल तीच राहते, तसंच हे आहे. आपल्याला न दिसणारी सप्तकं आपल्या डोळ्यांच्या सप्तकात आणायची, पण स्वरांचा क्रम मोडायचा नाही. म्हणून 'खोटे रंग' हा शब्दप्रयोग मला पटत नाही. लाल दिसणारी जागा निळ्या दिसणाऱ्या जागेपेक्षा खरोखरच जास्त लांब तरंगलांबीचा प्रकाश देते आहे, आणि ती मोजलेली गोष्ट आहे. किती गडद लाल, हा मात्र तुमचा निर्णय.

जिंपमध्ये तिन्ही चित्रं करड्या मोडमध्ये ठेवा आणि रंगांच्या मेनूतल्या 'कंपोज' आज्ञेने एफ४४४डब्ल्यू लाल वाहिनीत (चॅनेलमध्ये), एफ२००डब्ल्यू हिरव्या आणि एफ०९०डब्ल्यू निळ्या वाहिनीत घाला. तिन्हींचं माप तंतोतंत सारखं नसेल तर आज्ञा चालणार नाही. बटण दाबल्यावर समोर जे येतं ते बहुधा भडक असतं, बहुतेक वेळा एकाच रंगाकडे झुकलेलं. तरी तो क्षण विसरता येत नाही. तीन करडी चित्रं अचानक एक जागा होतात.

झुकाव काढायला 'लेव्हल्स'मध्ये एकेक वाहिनी घेऊन पार्श्वभूमी उदासीन करडी करा. इतर चित्रांत सर्पिल दीर्घिका पांढऱ्याचा मापदंड म्हणून वापरता येते, कारण तिच्यात सगळ्या वयाचे तारे मिसळलेले असतात. खांबांच्या चित्रात मात्र दीर्घिका दिसत नाहीत. आपल्या आकाशगंगेच्या चकतीतला वायू आणि धूळ पडद्यासारखी मागे उभी आहे. इथे ताऱ्यांच्या एकूण सरासरीवर भागवावं लागतं.

तीन फिल्टरांवर हात बसला की उरलेले तीन आणा. एफ१८७एन आयनीभूत हायड्रोजनची १.८७५ मायक्रॉनची रेषा पकडतो, तर एफ४७०एन रेणूरूप हायड्रोजन. एफ३३५एम कार्बनच्या मोठ्या वलयाकार रेणूंची चमक दाखवतो. सहा थर असले की 'कंपोज' पुरत नाही. प्रत्येक करड्या थरावर एका सपाट रंगाचा थर 'मल्टिप्लाय' मोडमध्ये ठेवा, दोघांचा एक गट करा आणि गटाला 'स्क्रीन' मोड द्या. अधिकृत चित्रातला क्रम असा: एफ०९०डब्ल्यू जांभळा, एफ१८७एन निळा, एफ२००डब्ल्यू आकाशी, एफ३३५एम पिवळा, एफ४४४डब्ल्यू नारिंगी, एफ४७०एन लाल. आता खांबांच्या कडांवर लाव्ह्यासारख्या नागमोडी लाल खुणा दिसतील. अजून घडत असलेल्या तरुण ताऱ्यांचे झोत भोवतालच्या वायूवर आदळतात आणि तिथला रेणूरूप हायड्रोजन पेटतो, त्याच्या त्या खुणा. एफ४७०एनच्या गटाशेजारचं डोळ्याचं चिन्ह दाबून तो गट बंद-चालू करून बघा. खुणा येतात आणि जातात. चित्र वाचणं म्हणतात ते हेच.

पाचवी पायरी: दोष ओळखणं

चित्रात दिसणारं सगळंच आकाशातलं नसतं. ठळक ताऱ्यांना आठ टोकांचे किरण दिसतील. त्यातले सहा मोठे षटकोनी आरशामुळे आणि दोन छोटे आडवे दुय्यम आरशाच्या आधारदांड्यांमुळे. ते राहू द्या, ती वेबची सही आहे.

ताऱ्यांच्या गाभ्यात काळे खड्डे असतात. तिथे प्रकाश इतका जास्त आला की मोजणी संपली आणि आकडाच उरला नाही. तिथे पांढरा भरण्यात काही गैर नाही, कारण ती जागा अतिशय तेजस्वी होती हे पक्कं ठाऊक आहे. आडवे बारीक पट्टे डिटेक्टरच्या इलेक्ट्रॉनिक गोंगाटाचे. गोल धुरकट चकत्या वैश्विक किरणांच्या जोरदार माऱ्याच्या, त्यांना 'स्नोबॉल' म्हणतात. सगळ्यात फसव्या असतात त्या 'विस्प', म्हणजे दुय्यम आरशाच्या वरच्या दांडीवरून परतलेल्या भरकटलेल्या प्रकाशाच्या पिसासारख्या रेघा. त्या अगदी तेजोमेघाच्या तंतूसारख्या दिसतात. अशी रेघ दिसली की सुट्या निरीक्षणांच्या फाइली उघडून बघा. दुर्बीण थोडी सरकल्यावरही रेघ डिटेक्टरच्या त्याच जागी असेल तर ती आकाशातली नाही.

सहावी पायरी: रंगातून अंतर ताडणं

हा सराव ऐच्छिक आहे, पण मला सगळ्यात प्रिय. प्रोग्रॅम २७३६ मधून एसएमएसीएस ०७२३ या दीर्घिकासमूहाच्या फाइली घ्या. ११ जुलै २०२२ रोजी जाहीर झालेलं वेबचं पहिलं रंगीत चित्र तेच, साडेबारा तासांच्या निरीक्षणातून घडलेलं. यावेळी 'डीएस९' ही आज्ञावली वापरा. एफ०९०डब्ल्यू, एफ१५०डब्ल्यू आणि एफ४४४डब्ल्यू वेगवेगळ्या चौकटींत उघडा, निर्देशांकांनुसार चौकटी जुळवा आणि 'ब्लिंक' चालू करा, म्हणजे चौकटी एकामागून एक दिसत राहतील.

आता बारक्या लाल ठिपक्यांवर नजर ठेवा. बहुतेक ठिपके तिन्ही चौकटींत राहतात. एखादा मात्र एफ०९०डब्ल्यूमध्ये पूर्ण नाहीसा होतो आणि पुढच्या दोन्हींत परत येतो. दूरच्या दीर्घिकेचा ०.१२१६ मायक्रॉनपेक्षा आखूड प्रकाश वाटेतला उदासीन हायड्रोजन गिळतो. विश्व प्रसरण पावत असल्याने ही कापलेली कडाही ताणली जाते. ताम्रसृती, म्हणजे प्रकाश किती ताणला गेला याचं माप, ७ च्या पुढे गेली की कडा एफ०९०डब्ल्यूच्या पट्ट्यापलीकडे पोहोचते. याच चित्रातल्या एका दीर्घिकेचा प्रकाश १३.१ अब्ज वर्षं प्रवास करून आल्याचं वेबच्याच वर्णपटावरून ठरलं. २०२४ मध्ये जाहीर झालेली जेड्स-जीएस-झेड१४-० ही दीर्घिका महास्फोटानंतर जेमतेम २९ कोटी वर्षांनी तेजाळत होती. तिचा शोधही आधी असाच फिल्टरांतल्या गैरहजेरीवरून सुरू झाला.

पण नाहीसा होणारा प्रत्येक ठिपका तितका दूर नसतो. धुळीने माखलेली जवळची दीर्घिकाही निळ्या फिल्टरांत विझते. सीअर्स-९३३१६ या दीर्घिकेची ताम्रसृती १६ च्या आसपास असावी असा अंदाज फिल्टरांवरून होता, वर्णपट घेतल्यावर ती ४.९ निघाली. म्हणून आपल्याला सापडलेल्या ठिपक्याला 'उमेदवार' म्हणायचं, त्यापुढे जायचं नाही.

शेवटची पायरी: चित्राखाली काय लिहायचं

चित्र इतरांना दाखवताना श्रेय नासा, ईएसए (युरोपीय अवकाश संस्था), सीएसए (कॅनडाची अवकाश संस्था) आणि एसटीएससीआय (मास्ट सांभाळणारी बाल्टिमोरची संस्था) यांना द्या आणि प्रक्रिया तुमची आहे असं वेगळं लिहा. त्याखाली प्रोग्रॅम क्रमांक, प्रत्येक फिल्टर आणि त्याला दिलेला रंग, ताणायला वापरलेलं फलन, ताऱ्यांचे गाभे भरले असतील तर तेही नोंदवा. चार ओळींत हे मावतं. ती नोंद वाचून दुसरा कोणीही त्याच फाइली उतरवून तुमच्या चित्रापर्यंत पोहोचू शकला पाहिजे.

मग एफ०९०डब्ल्यू बाजूला ठेवून त्याच खांबांच्या मिरीच्या फाइली उघडा. बहुतेक तारे गायब झालेले दिसतील आणि समोर उरेल ती धूळ. तिच्यासाठी काळा बिंदू, ताण, रंग, सगळं पहिल्यापासून ठरवावं लागेल.